खांबाखाली

४ जून २०२५, बुधवार

श्रुतिका आज वीज कंपनीत रुजू झाली. वर्षभराची शिकाऊ उमेदवारी, लाइनच्या कामावर. टेबलावर नाही.

गुणाजीचा सकाळीच कणकवलीहून फोन. "बाय, तां चेडू आसा गो. त्याका खांबार कित्या चढवतंस?" मी म्हटलं, मुलगी आहे म्हणून तिला भूक कमी लागते का? मग तो नेहमीप्रमाणे "तुका जां बरां दिसता तां कर" म्हणाला. माझा भाऊ लहानपणापासून हेच म्हणत आला आहे आणि मग वर्षभर कुरकुरतो.

दोन वर्षांपूर्वी त्याने मुलीला माझ्याकडे मुलुंडला पाठवलं ते ब्युटी पार्लरचा कोर्स करायला. पार्लरं आमच्या गल्लीतच तीन आहेत. मी तिला आयटीआयमध्ये वायरमनच्या वर्गात घातलं. तिने हट्ट केला नाही, रडली नाही. पहिल्या महिन्यात घरातला मिक्सर दुरुस्त केला आणि दुसऱ्या महिन्यात मला न विचारता शेजारच्या ऋतिकाच्या दारावरची घंटी.

निघताना तिला बजावलं. चहा आणायला जायचं नाही. झाडू हातात घ्यायचा नाही. आणि कोणी मायेने खुर्ची दिली तर बसायचं नाही. मी सगळी नोकरी पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात काढली, शेवटी कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. बाईला कामावरून हलवायचं असलं की तिच्यावर कोणी ओरडत नाही. तिला खुर्ची देतात.

"बरं," म्हणाली. ही मुलगी "बरं" फार पटकन म्हणते. बापावर गेली आहे.

१० जून, मंगळवार

टोळी ठरली. लाइनमन सहदेव घाडी, पुढच्या वर्षी निवृत्त होणारा. दोन हेल्पर. आणि हिच्याबरोबर लागलेला दुसरा शिकाऊ, भांडुपचा प्रीतम. मुलुंड कॉलनी आणि टेकडीच्या अंगाची वस्ती हा त्यांचा भाग. तिथे तारा अजून खांबांवरून जातात.

"आज काय केलंस?"

"खाली उभी होते."

"आणि?"

"वर बघत होते."

"आणि?"

"आणि काय, आत्या? काका वर होते ना."

चेष्टा करते आहे असं वाटलं. नव्हती करत. सहदेव खांबावर चढला की ही पायथ्याशी उभी राहते. बसायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही, फोन काढायचा नाही, मान खाली घालायची नाही. त्याने पक्कड मागितली तर दोरीला बांधून वर पाठवायची, तीही वर बघत. अधूनमधून तो वरून विचारतो, "बघतंस मां?" हिने म्हणायचं, "बघतंय." उत्तर आलं नाही तर तो काम अर्धं टाकून उतरतो.

"हा नियम कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही. काकांचा आहे."

मी म्हटलं, मग तो हट्ट झाला, नियम नव्हे. ती पोळ्या लाटायला उठली. पोळ्या मात्र आज चांगल्या झाल्या होत्या तिच्या.

२ जुलै, बुधवार

आज पुलापलीकडे कॉलनीत भाजीला गेले. भाजी आमच्या दाराखालीही मिळते, हे इथे लिहायला हरकत नाही.

नाक्यावर झाडाची फांदी तारांवर पडली होती. सहदेव घाडी वर होता. बारीक अंगाचा माणूस, पांढरे केस, दोन्ही पायांची खांबाला मिठी. चढताना मी पाहिला नाही, पण वर तो हळूहळू हलत होता. आमच्या ऑफिसातले जुने शिपाई असेच हलायचे, काम संपू नये म्हणून. श्रुतिका खाली. पिवळं हेल्मेट, मान मागे टाकलेली, तोंडावर पाऊस. दोन खांब सोडून प्रीतम शिडीवर चढून हेल्परच्या हाताखाली काहीतरी खोलत होता. म्हणजे मुलगा वर, मुलगी खाली. मला आणखी काही पाहायची गरज नव्हती.

तिला हाक मारली. वळली नाही. पुन्हा मारली, चांगली मोठ्याने. किराणा दुकानातला माणूससुद्धा बाहेर आला. ही हललीसुद्धा नाही.

संध्याकाळी म्हणाली, "ऐकू आलं होतं, आत्या."

"मग?"

"काका वर होते."

मान आखडली आहे तिची. बाम दिला. चोळून दिला नाही. लाड एकदा सुरू झाले की संपत नाहीत.

२० जुलै, रविवार

प्रीतमला जेवायला बोलावलं. मुलगा तोंडाळ आहे, पण खोटारडा नाही. अशा माणसाकडून ऑफिसची खरी हकीकत कळते.

"आत्या, तुमची भाची म्हणजे काकांचा ताईत झालीय. सोडतच नाहीत हिला."

"म्हणजे कसं?"

"परवा ही डीपीकडे गेली होती. मी उभा राहिलो खाली. काका थोडे चढले, 'बघतंस मां' म्हणाले, मी म्हटलं 'बघतोय ना काका, झकास दिसताय.' तर उतरले! म्हणाले, चेडवाला बोलव. एक फ्यूज टाकायला अर्धा तास. खाली बायका शिव्या घालतायत, टीव्ही बंद."

"सवय लागली आहे त्याला," मी म्हटलं. "फुकटची मोलकरीण मिळाली की अशीच सवय लागते."

"तसं नाय हो आत्या. काकांचे पाय हल्ली वर गेले की—"

इथे तो एकदम "आई गं" म्हणाला. टेबलाखाली श्रुतिकाने त्याला लाथ मारली होती. पाहुण्याला! दोन वर्षं मी हिला वळण लावते आहे आणि महिनाभर पुरुषांच्या टोळीत राहून ही अशी झाली. तो गेल्यावर मी बोलले तिला. "सॉरी" म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

"मी खाली असले की काका बिनघोर असतात," असं नळाकडे तोंड करून म्हणाली. मी म्हटलं, तो बिनघोर राहावा म्हणून तुला तिथे पाठवलेलं नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

श्रुतिका गणपतीला गावी गेली नाही. मंडपांच्या जोडण्या, रोज कुठे ना कुठे फ्यूज उडतो. गुणाजी फोनवर रडकुंडीला आला. घरच्या आरतीला पोरगी नाही म्हणजे काय, वगैरे. मला बरं वाटलं. नोकरी म्हणजे नोकरी. हे तिला मला सांगावं लागलं नाही, याचं अधिक बरं वाटलं.

ती अजून एकदाही खांबावर चढलेली नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

आज सरळ विचारलं.

"तीन महिने झाले. वर कधी जाणार?"

"काका म्हणाले, दसऱ्याला बघू."

"दसऱ्याला? मुहूर्त लागतो का खांबाला?"

हसली. "तसंच काहीतरी."

"प्रीतमला लागला होता मुहूर्त?"

"तो शिडीवर चढतो, आत्या. खांबावर नाही. शिडी वेगळी."

शब्दांचे खेळ. "दसऱ्यानंतर बघू", "मार्च झाला की बघू", "साहेब आले की बघू." असल्या वाक्यांखाली माणसांची आयुष्यं पुरलेली मी पाहिली आहेत. माझी बढतीही अशीच एका दिवाळीपलीकडे ठेवली होती. मी लेखी विचारलं तेव्हा महिन्यात निघाली.

झोपेपर्यंत विचार केला. ती दुखावेल का? दुखावेल कदाचित. दात काढतानाही दुखतं.

११ सप्टेंबर, गुरुवार

साहाय्यक अभियंता नितेश नावाचा आहे. तिशीचा, नुकतं लग्न झालेला असावा. टेबलाच्या काचेखाली फोटो. उठून उभा राहिला. ही नवी पिढी उभी राहते, एवढं चांगलं आहे.

"मॅडम, मुलींच्या सेफ्टीसाठी आम्ही जरा—"

"मुलींच्या की तुमच्या?"

"नाही, म्हणजे घाडी सीनियर आहेत. त्यांची काम करायची एक पद्धत आहे."

"बरोबरचा मुलगा वर आणि मुलगी तीन महिने खाली. याला पद्धत म्हणतात की भेदभाव, ते तुम्ही मला लेखी कळवा."

"मॅडम, इतकं लेखी वगैरे कशाला? मी बोलतो ना घाडींशी."

"मी लेखी आणलेलंच आहे."

वाचता वाचता त्याच्या कपाळावर घाम आला. पंख्याखाली. अर्ज दीड पानी होता आणि त्यात एकही विशेषण नव्हतं. अर्जात विशेषण नसलं की साहेब घाबरतात. पोच घेतली. बाहेर पडताना अंग हलकं वाटलं. निवृत्तीनंतर असं पहिल्यांदाच.

श्रुतिकाला सांगितलेलं नाही. तिला विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती, म्हणून विचारलं नाही. हे वाक्य पुन्हा वाचलं. आहे ते आहे.

१८ सप्टेंबर, गुरुवार

कारवाई झाली. मात्र जशी व्हायला हवी होती तशी नाही.

सहदेव घाडीला मेमो. श्रुतिकाची "चौकशी पूर्ण होईपर्यंत तात्पुरती" ग्राहक तक्रार कक्षात बदली. खुर्ची, संगणक, एसी.

ती आली आणि चप्पल न काढता दारात उभी राहिली.

"तू गेली होतीस ऑफिसात?"

"हो."

"मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस."

"हो ना! म्हणालेच असते!"

इतक्या मोठ्याने ती या घरात पहिल्यांदा बोलली. ऋतिकाने दार किलकिलं केलं. मी ते बंद करायला लावलं. श्रुतिकाला समजावलं की ही प्रक्रिया असते. तक्रार झाली की आधी माणसं वेगळी करतात, मग निर्णय होतो. खुर्ची चार दिवसांची. मी आहे.

"काका आता कोणाला खाली उभं करणार?" म्हणाली.

मला समजलं नाही यात रडण्यासारखं काय आहे. एक हेल्पर उभा करतील. उभं राहायला शिक्षण लागत नाही.

जेवली नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सुट्टी असून ती सकाळी नवा ड्रेस घालून यार्डात गेली. तिथे अवजारांची पूजा असते. पट्टे, पकडी, शिड्या, हातमोजे सगळं मांडतात. मला वाटलं, रुसवा गेला.

दुपारी परत आली आणि काल-परवाचं बोलावं तसं सगळं सांगितलं. यार्डात एक जुना खांब आहे, बिनविजेचा. दसऱ्याला त्याच्या टोकावर झेंडूचं तोरण बांधतात. ते बांधायला दरवर्षी एक शिकाऊ चढतो, ज्याला लाइनमन निवडतो तो. लाइनमन स्वतः खाली उभा राहून वर बघतो. त्यानंतर तो शिकाऊ खरा चढायला लागतो. त्याआधी कोणी नाही. यंदा सहदेवने श्रुतिकाचं नाव ठरवलं होतं. ऑगस्टपासून.

आज प्रीतमने बांधलं. मध्येच अडकला, सगळे हसले, पण बांधलं.

"मला हे आधी का सांगितलं नाहीस?"

"सांगायचं नसतं. ज्याला चढवायचं त्यालाही आदल्या दिवशी कळतं. प्रीतमने माझ्यापाशी आधीच फोडलं होतं."

म्हणजे मला कळण्याचा मार्गच नव्हता. कुठेही लिहिलेलं नाही, कोणी बोलायचं नाही, आणि बाहेरच्या माणसाने ते ओळखायचं! असा कारभार असेल तर तक्रार होणारच. हे मी तिला म्हटलं. चूक काही म्हटलं नाही.

सहदेवने तिला आपट्याचं पान दिलं आणि सगळ्यांसमोर विचारलं म्हणे, "खुर्ची मऊ आसा मां गो?"

माणूस कडवट आहे. मी त्याच्याविषयी लिहिलं ते योग्यच होतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

माझ्या दुसऱ्या अर्जानंतर श्रुतिका कागदावर पुन्हा लाइनवर आली. तीन टोळ्यांत फिरवली. कोणीही तिला नको म्हटलं नाही. "मॅडम, तुम्ही गाडीत बसा, ऊन आहे." "मॅडम, तुम्ही फोटो काढा, साहेबांना पाठवायला लागतो." एकवीस वर्षांच्या पोरीला मॅडम म्हणतात. बारक्या बारक्या माणसांनी हे कुठून शिकलं असेल?

"कोणाचं नाव सांग. मी बोलते."

"तेच तर बोलतात, आत्या. 'हिची आत्या येते.'"

प्रीतम रस्त्यात भेटला. सांगत होता, सहदेवने स्वतःहून अर्ज करून सबस्टेशनची ड्यूटी मागून घेतली. आता तो रजिस्टर लिहितो. खांबावर जात नाही. टोळी मोडली.

मी घरी येऊन म्हटलं, "बघ. दोन वाक्यांच्या मेमोने जो माणूस काम टाकतो त्याच्याकडून तू काय शिकणार होतीस?"

श्रुतिका इस्त्री करत होती. इस्त्री उभी ठेवून तिने सांगितलं. गेल्या शिमग्यापासून सहदेवला वर गेलं की भीती वाटते. पाय थरथरतात, खाली पाहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. ऑफिसात कळलं तर बसवून ठेवतील, ओव्हरटाइम जाईल, लोक हसतील. खाली कोणीतरी न चुकता बघतंय याची खात्री असली की तो चढू शकतो. हेल्पर तंबाखू मळतात, प्रीतम फोन काढतो. म्हणून ही.

"म्हणजे त्याने तुला स्वतःच्या सोयीसाठी खाली ठेवलं."

"हो."

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"म्हणजे मी बरोबरच होते!"

"हो आत्या," ती म्हणाली आणि पुन्हा इस्त्री उचलली. "बरोबरच होतीस."

मी जिंकल्यासारखं मला वाटायला हवं होतं. माझ्याच साडीला इस्त्री चालली होती. म्हटलं राहू दे, मी करते. तिने ऐकलं नाही.

१८ जानेवारी २०२६, रविवार

एका मोठ्या ठेकेदार कंपनीची लाइनमन भरती निघाली आहे. शिकाऊंनाही बसू देणार, जूनमध्ये प्रमाणपत्र दाखवायच्या अटीवर. लेखी परीक्षा आणि खांब चढण्याची चाचणी. मीच जाहिरात शोधली, मीच फॉर्म भरला. वशिला नाही, टोळी नाही, तोरण नाही. खांब, घड्याळ आणि उमेदवार. मला अशी सरळ गोष्ट आवडते.

भांडुपला एका मैदानावर क्लास चालतो. खांब पुरून ठेवले आहेत. दर रविवारी मी तिच्याबरोबर जाते. पहिल्यांदा ती घसरली, दोन्ही कोपरं सोलली. आज टोकाला पोचली. माझ्या वडिलांनी उभा जन्म गिरणीत मान खाली घालून काढला. त्यांची नात घरांच्या छपरांपेक्षा उंच बसली होती आणि केसांची बट कानामागे सारत होती.

पण वेळ जास्त लागतो तिला. मी खालून सांगत राहते, "पाय उचल! डावा! वेळ जातोय!" उतरल्यावर म्हणाली,

"आत्या, तू बोलू नकोस गं. फक्त बघ."

"बघत बसले तर घड्याळ कोण बघणार?"

"घड्याळ राहू दे."

घड्याळ कसं राहू देईन? गुण घड्याळाला आहेत.

२२ फेब्रुवारी, रविवार

नापास.

लेखी परीक्षेत ती मुलींत पहिली होती. हे आधी लिहून ठेवते.

चाचणी ठाण्याच्या पुढे एका मोकळ्या जागेत होती. सकाळपासून ऊन. उमेदवारांच्या घरच्यांना दोरीच्या कुंपणाबाहेर उभं केलं होतं. खांबाच्या टोकाला कप्पी, तिच्यातून आलेली सुरक्षेची दोरी उमेदवाराच्या पट्ट्याला बांधतात आणि खाली एक माणूस ती धरून उभा असतो. श्रुतिकाच्या आधीची दोन मुलं वेळेत चढली. तिचा नंबर आला. सुरुवात उत्तम. मी पाहिली, डावा पाय, उजवा पाय, शिकवल्यासारखी.

तेवढ्यात नितेश साहेब दिसले. ठेकेदार कंपनीने पाहुणे म्हणून बोलावलं होतं. त्यांनीच नमस्कार केला. मी म्हटलं, बघा, जिला तुम्ही खुर्चीवर बसवलंत ती कुठे पोचली आहे. ते काहीतरी सारवासारव करू लागले, मी त्यांना सप्टेंबरपासूनचा सगळा क्रम सांगितला. तारखांसकट.

शिट्टी ऐकली म्हणून वळले. श्रुतिका जमिनीवर होती. मला वाटलं, इतक्या लवकर झालं. मग परीक्षकाचा चेहरा पाहिला.

टोक थोडंच राहिलं होतं. ती तिथून उतरून आली होती. पडली नाही, घसरली नाही, पायरी पायरीने उतरली. परीक्षकाने विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "खाली कोणी बघत नव्हतं."

माणसं हसली. एकजण म्हणाला, "का गं, फोटो काढायचा होता का तुझा?" कागदावर लिहिलं, स्वतःहून उतरली.

रिक्षात मी विचारलं, "घाबरलीस?"

"नाही."

"त्या माणसाची भीती तुला चिकटली आहे."

"नाही, आत्या. दोरीवाला बाजूच्याशी बोलत होता. दोरी सैल पडली होती. मी वरून विचारलं, बघताय ना? दोनदा विचारलं. उत्तर नाही आलं तर चढायचं नाही, उतरायचं."

"अगं पण टोक हाताशी होतं! दोन पावलं!"

"दोन असोत नाही तर एक. उत्तर नाही तर उतरायचं."

"परीक्षेत असं नसतं."

ती बाहेर बघत होती. ऐरोलीच्या फाट्यापाशी आलो तेव्हा म्हणाली, "मग तुला पण हाक मारली."

मी ऐकली नाही. मी बोलत होते. तिच्याविषयीच बोलत होते.

२५ फेब्रुवारी, बुधवार

फेरचाचणीसाठी अर्ज तयार केला. मुद्दे भक्कम आहेत. दोरी धरणाऱ्या कर्मचाऱ्याचे कामाकडे दुर्लक्ष, त्यामुळे उमेदवाराच्या जिवाला धोका, उमेदवाराने उतरणे हे नापास होणे नसून सुरक्षेचे पालन. हे लिहीत असताना मला प्रथमच वाटलं की ती उतरली ते बरोबर होतं. अर्जात तरी ते बरोबर ठरतं. रविवारी मी तिला तसं म्हणाले नव्हते. आता म्हणावं म्हणून उठले, तर ती आंघोळीला गेली होती.

नंतर सही मागितली. तिने दिली नाही.

"नको, आत्या."

"का नको? या खेपेला चूक त्यांची आहे. सिद्ध करता येते."

"दर खेपेला चूक त्यांचीच असते. तू जातेस, ती सिद्ध होते, आणि मग मला कोणी जवळ उभं करत नाही."

मी कधी कोणाच्या तोंडून इतकं अन्यायाचं वाक्य ऐकलं नव्हतं. ती शांतपणे भाजी निवडत होती. निवडता निवडताच सांगितलं. गोवंडीला एक ठेकेदार आहे, रस्त्यावरच्या दिव्यांच्या लाइनचं काम करतो. प्रीतमच्या मामाच्या ओळखीचा. सोमवारपासून ती तिकडे जाणार. राहायलाही तिकडेच, त्या टोळीतल्या एकाच्या बहिणीकडे. संघमित्रा नावाची मुलगी आहे, नर्स आहे, खोलीत जागा आहे.

"आणि उमेदवारी? जून तीन महिन्यांवर आलाय!"

"सोडणार."

"तीन महिने फक्त, श्रुतिका! देतील त्या खुर्चीवर बसून राहा की. कोण काय म्हणतंय तुला? मुकाट्याने बस, जूनमध्ये कागद हातात घे आणि मग कुठे जायचं तिथे जा."

तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पुढची जुडी ओढली.

"तिथे तरी चढायला देणार आहेत का?"

"माहीत नाही. पहिले काही महिने खाली उभी राहीन."

बिनकागदाचं काम. विमा नाही, उद्याची खात्री नाही. यासाठी मी तिला पार्लरपासून वळवलं? गुणाजीला फोन केला. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "त्याका जां बरां दिसता तां करू दे." म्हणजे त्याला आधीच ठाऊक होतं. बापाला सांगून झालं होतं. मला शेवटी.

२ मार्च, सोमवार

गेली.

एक बॅग, एक हेल्मेट. हेल्मेट कंपनीचं आहे, परत करायला हवं होतं. मी काही म्हटलं नाही. डबा करून ठेवला होता, तो घेतला. पाया पडायला वाकली तेव्हा मानेचा मागचा भाग दिसला. उन्हाने काळा पडला आहे.

अर्ज मी माझ्या नावाने करते आहे, पालक म्हणून. उमेदवाराची सही नसताना ते कितपत दखल घेतील सांगता येत नाही, पण निदान नोंद राहील. पाकिटावर पत्ता लिहीत होते तेव्हा ती दारातून म्हणाली,

"आत्या, येते."

"हो," मी म्हटलं.

ओळ पूर्ण करून वर पाहिलं तेव्हा दार लागलं होतं. पिन कोड चुकला होता. दुसरं पाकीट घ्यावं लागलं.